एका भिंतीची दोन डिपॉझिटे

मे महिन्याच्या अखेरच्या एका दुपारी नाशिकमधल्या आमच्या इमारतीखाली सामानाने भरलेला टेम्पो उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर थोड्या थोड्या वेळाने हॉर्न वाजवत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या बेडरूममध्ये घरमालक, त्यांचा भाडेकरू आणि सोसायटीची सेक्रेटरी म्हणून बोलावली गेलेली मी, असे तिघे एका भिंतीकडे तोंड करून उभे होतो. तिच्यापुढचे लोखंडी कपाट नुकतेच खाली गेले होते, त्यामुळे ती भिंत बऱ्याच काळाने पूर्ण उघडी पडली होती. बाथरूमची भिंत आणि पश्चिमेची बाहेरची भिंत जिथे मिळतात, त्या वरच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटून वळले होते आणि त्यांच्या आत लोणा फुटून पांढरी भुकटी दिसत होती. बोट लावले की ती बोटाला चिकटत होती. खाली, जिथे कपाटाची पाठ टेकलेली असायची तिथे, काळपट हिरवी बुरशी पसरली होती आणि खोलीभर पावसाळ्यातल्या बंद ट्रंकेचा वास होता. घरमालक काका खालच्या बुरशीकडे बोट दाखवत होते, भाडेकरू मुलगा वरच्या पोपड्यांकडे. भिंत एकच होती, पण दोघे तिच्या दोन वेगवेगळ्या भागांवर बोलत होते.

“सगळे घर रंगवून दिले होते मी तुम्हाला,” काका म्हणाले. “खिडक्या कधी उघडल्या नाहीत, पावसाळाभर कपडे आत वाळत घातले. हे बघा काय करून ठेवलंय.” मुलगा शांतपणे म्हणाला, “काका, पाणी वरून येतंय. पहिल्या पावसातच मी तुम्हाला फोटो टाकला होता.” “त्या फोटोत एवढासा डाग होता.” “तेव्हा एवढासाच होता, म्हणून तर टाकला होता.” खालून पुन्हा हॉर्न वाजला. काकांनी लाइट बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडून आणला होता. पोपडे खरवडणे, वॉटरप्रूफिंग, पुट्टी, रंगाचे दोन हात आणि मजुरी असे सगळे मिळून १८ हजार रुपये होत होते आणि डिपॉझिट ४० हजारांचे होते. मुलाची बायको लहान बाळाला कडेवर घेऊन जिन्यात उभी होती. पाथर्डी फाट्याचा नवा घरमालक डिपॉझिट जमा झाल्याशिवाय किल्ली देणार नव्हता आणि ते डिपॉझिट या डिपॉझिटातूनच जायचे होते. मुलाने एकदा मोबाइलकडे पाहिले, एकदा जिन्याकडे, आणि म्हणाला, “ठीक आहे काका, कापा.”

पाचच मिनिटांत २२ हजार त्याच्या खात्यात गेले आणि टेम्पो निघून गेला.

त्या दुपारनंतर मला जे खटकत राहिले ते काकांनी पैसे कापले हे नव्हे. काका लबाड गृहस्थ नाहीत. जेलरोडला स्वतः जुन्या घरात राहून त्यांनी हा फ्लॅट निवृत्तीच्या पैशातून घेतला आणि त्याच्या भाड्यावर त्यांचा औषधपाण्याचा खर्च चालतो. खटकले ते हे, की नुकसान कोणामुळे झाले याचा शोध त्या खोलीत कोणी घेतलाच नाही. भिंतीकडे पाहून जो निर्णय व्हायला हवा होता तो टेम्पोच्या हॉर्नवर झाला. मालकाला घाई नव्हती, कारण पैसे त्यांच्याच खात्यात होते. भाडेकरूला घाई होती, कारण त्याच पैशांवर त्याचा संध्याकाळचा निवारा अवलंबून होता. आपल्याकडे म्हणतात ना, ज्याच्या हाती ससा तो पारधी. डिपॉझिट हे नुकसानभरपाईची हमी म्हणून घेतात खरे, पण प्रत्यक्षात ते निकाल देण्याचा अधिकारही आपसूक एका बाजूला देऊन टाकते आणि हे दोन्ही पक्षांना सही करतानाच ठाऊक असते.

भाड्याच्या घराशी माझी ओळख सोसायटीतली नाही, तिवंध्याकडच्या वाड्यातली आहे. जुन्या नाशिकातल्या त्या वाड्यात आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहत होतो, पुढच्या भागात मालकांचे बिऱ्हाड होते आणि बाकी तीन बिऱ्हाडे माडीवर. तिथे डिपॉझिट नावाची गोष्ट नव्हती आणि करारनामाही नव्हता, भाड्याच्या पावत्यांचे एक पुडके तेवढे आईच्या ट्रंकेत असायचे. वाड्यातल्या नुकसानीचा मोठा प्रश्न वर्षातून एकदाच यायचा, तो शाकारणीचा. वैशाखात गडी यायचे, कौले उतरवायचे, फुटकी बाजूला काढायचे, वर्षभराचा पाला, धूळ आणि कबुतरांची घरटी झाडून काढायचे आणि कौले पुन्हा लावायचे. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात वरून बारीक काळी धूळ पडत असे आणि आई पिठाच्या डब्यांवर जुनी लुगडी टाकून ठेवत असे. फुटलेल्या कौलांचे पैसे मालक द्यायचे, गड्यांचा चहा आणि दुपारची भाकरी भाडेकरूंकडे. हे कुठे लिहिलेले नव्हते. माडीवरच्या मुलांनी पतंगापायी छपरावर चढून कौले फोडली की त्या कौलांचे पैसे मात्र त्या बिऱ्हाडाकडून घेतले जायचे, आणि कौल पावसाने फुटले की पोरांनी फोडले यावर अंगणात जी वादावादी व्हायची ती आमच्या काकांच्या आणि त्या मुलाच्या वादापेक्षा काही कमी नसायची. फरक एवढाच होता की तिथे कोणीही टेम्पोची वाट पाहत नव्हते. सगळ्यांना उद्याही त्याच नळावर पाणी भरायचे होते.

मग हळूहळू शाकारणी दोन वर्षांतून एकदा होऊ लागली, नंतर तीही थांबली आणि गळेल तिथे पत्रा आला. कारण उघड होते. भाडे जुन्या दराला बांधलेले होते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने ते गोठवले, त्याचा पाया १९४० सालच्या भाड्याचा होता, आणि पन्नासेक वर्षांनी त्या भाड्यात वर्षभराची बेरीज करूनही एक दिवसाची गड्यांची मजुरी निघत नव्हती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, पण मुळातली रक्कमच एवढी लहान होती की तिचे ४ टक्के म्हणजे चिल्लर. त्याच कायद्याच्या १४ व्या कलमात घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. मालकाने ती टाळली तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, मग दुरुस्ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, फक्त वर्षभरात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त होता कामा नये. कागदावर ही तरतूद चोख आहे. महिन्याला ६० रुपये भाडे असलेल्या बिऱ्हाडाला ती वर्षाकाठी १८० रुपये देते. तेवढ्यात माडीची एक तुळईसुद्धा बदलून होत नाही.

वाड्यातली गंमत, गंमत म्हणवत नाही पण म्हणते, ही की तिथे ससा उलट्या हातात होता. पैसे कोणाच्याच हातात नव्हते, पण जागेचा ताबा भाडेकरूच्या हातात होता. मालकाला वाटायचे की दुरुस्ती केली तर हे आणखी तीस वर्षे हलणार नाहीत. भाडेकरूला वाटायचे की दुरुस्तीसाठी म्हणून एकदा बाहेर पडलो तर परत आत येणे नाही. दुरुस्तीसाठी भाडेकरूला तात्पुरते बाहेर काढावे आणि काम झाल्यावर पुन्हा आत घ्यावे अशी सोय कायद्यात आहे, पण ती वाचून कोणी घर सोडल्याचे मी पाहिलेले नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडी महापालिकेचा माणूस यायचा, धोकादायक वाड्याची नोटीस दारावर चिकटवायचा, आणि मालक ती नोटीस भाडेकरूला दाखवायचा, भाडेकरू मालकाला. आजही जुन्या नाशिकात दर पावसाळ्यात एखाद्या वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी येते. मातीत बांधलेली भिंत एकदा डोक्यावरून भिजू लागली की तिच्या पोटातली माती आधी सुटते आणि बाहेरचा गिलावा मात्र बरेच दिवस शाबूत दिसत राहतो. ती कोणामुळे पडली हे विचारले तर दोन्हीकडचे लोक खरेच सांगतात. भाडेकरू म्हणतो, मालकाने वीस वर्षांत कौलाला हात लावला नाही. मालक म्हणतो, भाडेकरूने माडीवर मोरी काढली आणि तिचे पाणी भिंतीत मुरवले. दोन्ही गोष्टी घडलेल्या असतात.

याच्या अगदी उलट अनुभव गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पुराचा आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले अशी बातमी आली की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वरच्या फळीवर चढवू लागतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते पाणी दुकानांत शिरले होते. पूर ओसरल्यावर दुकानात राहतो तो काळा, चिकट, वास मारणारा गाळ, फुगलेले प्लायवूड आणि गंजलेली शटरे. त्या बाजारात भाड्याची दुकाने पुष्कळ आहेत आणि भाडेकरू-मालकांचे खटलेही पुष्कळ आहेत, पण पुराच्या गाळावरून भांडण झालेले मी फारसे ऐकले नाही. गाळ दुकानदार उपसतो, शटरचे मालक बघतो, नाहीतर निम्मे निम्मे करतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलमही हेच सांगते, की भाडेकरूने जागा जशी मिळाली तशी परत करावी, फक्त वापराने होणारी झीज आणि कोणाच्याही आवाक्याबाहेरची आपत्ती यांनी झालेला फरक सोडून. पुराचा दोष कोणावरच घालता येत नाही, म्हणून तो लवकर निपटतो. मोठ्या नुकसानात माणसे समजूतदार होतात आणि हातभर ओलीवरून वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, याचे कारण मला तरी हेच दिसते. ओल दिवसाला नखभर वाढते. ती सुरू झाली त्या दिवशी कोणीच हजर नसते.

सेक्रेटरी झाल्यापासून मी दोन्ही बाजूंची इतकी गाऱ्हाणी ऐकली आहेत की कोणत्याही एका बाजूने कायमचे उभे राहणे मला जमत नाही. आमच्याच इमारतीत एका भाडेकरूने मालकाला न विचारता एसीच्या पाइपसाठी बीमला लागून भोक पाडले होते. एकाने टाकीत पाणी नसताना गिझर चालू ठेवून कॉइल जाळली आणि “आधीपासूनच बंद होता” म्हणून सांगितले. शिकायला आलेल्या मुलांच्या एका बिऱ्हाडाने कडप्प्याच्या ओट्यावर आपटून नारळ फोडले आणि ओट्याला आरपार तडा गेला. हे नुकसान झीज नव्हे, त्याचे पैसे कापलेच पाहिजेत. पण दुसरीकडे असेही मालक आहेत जे दर अकरा महिन्यांनी, घर कितीही स्वच्छ असो, रंगाचे म्हणून एक महिन्याचे भाडे कापतात आणि तो रंग प्रत्यक्षात तीन भाडेकरूंनंतर एकदा लावतात. भिंतीवरचा साधा डिस्टेंपर चार-पाच वर्षांत स्वतःहूनच उतरतो. त्याचे वय झाले म्हणून शेवटच्या माणसाकडून त्याची पूर्ण किंमत घेणे हे मला कापणे न वाटता उकळणे वाटते, आणि हे मी मालकांच्या तोंडावर म्हटलेले आहे. खिळ्यांचेही तसेच. चार खिळ्यांची भोके म्हणजे घरात माणसे राहिली याची खूण आहे. मालकांना भाडे हवे असते, पण राहिल्याची खूण नको असते.

केंद्र सरकारने २०२१ च्या जूनमध्ये आदर्श भाडे कायद्याचा जो नमुना मंजूर केला, त्याच्या परिशिष्टात ही वाटणी चक्क यादी करून दिलेली आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, भिंतींचा आणि दारे-खिडक्यांचा रंग, पाइप आणि वायरिंग हे मालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी, स्विच, कड्याकुलपे, खिडक्यांच्या काचा आणि जाळ्या हे भाडेकरूकडे. राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतेच असावे असेही त्यात आहे. पण तो नमुना राज्यांनी स्वीकारायचा असतो, आणि आपल्याकडे व्यवहार १९९९ च्या कायद्यानेच चालतो. त्यातही, फ्लॅटमध्ये लिव्ह अँड लायसन्सने राहणाऱ्या माणसाला भाडेकरूचे संरक्षण मिळत नाही. त्याला जागेत हक्क नसतो, ती वापरण्याची परवानगी तेवढी असते. त्यामुळे १४ व्या कलमाचा आधार तिवंध्यातल्या ६० रुपयेवाल्याला आहे आणि १२ हजार मोजणाऱ्याला मात्र करारात जे लिहिले असेल तेवढेच. मुदत संपूनही तो घरातून निघाला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा वेगळा, जवळचा रस्ता आहे आणि त्या काळाचे पैसे दुपटीने मागता येतात. मालकाने डिपॉझिट अडवले तर त्या माणसाला मात्र सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात साधा दिवाणी दावा लावायचा असतो. १८ हजारांसाठी तो कोण लावतो? वकिलाची पहिली फी भरतानाच त्याला आपण ते पैसे विसरलो आहोत असे वाटू लागते.

आणि त्या करारात लिहिलेले काय असते? सोसायटीच्या फाइलीत प्रत्येक भाडेकराराची प्रत येते, म्हणून मी ते पुष्कळ वाचले आहेत. करार नोंदवणे सक्तीचे आहे आणि ते न केल्याची शिक्षा मालकाला आहे, त्यामुळे आता बहुतेक जण एजंटाला घरी बोलावून अंगठा आणि फोटो देऊन ऑनलाइन नोंदणी करतात. त्याच्या शेवटी वस्तूंची यादी असते. चार पंखे, पाच ट्यूबलाइट, एक गिझर, एक वॉटर प्युरिफायर, दोन किल्ल्या. एका करारात तर पडद्यांच्या दांड्यासुद्धा मोजलेल्या मी पाहिल्या. पण भिंती कोणीच मोजत नाही. छत कसे आहे, बाथरूमच्या कोपऱ्यात आधीपासून डाग आहे का, खिडकीच्या चौकटीखाली चीर आहे का, याचा एक शब्द कुठे नसतो. काढून नेता येईल त्याची नोंद होते, आणि वाद जो होतो तो जागेवरून न हलणाऱ्या गोष्टींवर होतो.

काकांच्या त्या भिंतीचा खरा शोध लागला तो जूनमध्ये. दोन मोठे पाऊस झाल्यावर त्यांच्या बाथरूमच्या छतातूनही थेंब पडू लागले, तेव्हा त्यांनीच तक्रार केली आणि सोसायटीच्या प्लंबरला घेऊन आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. तिथे तीन मुली भाड्याने राहत होत्या आणि त्यांच्या मालकीणबाई पुण्याला असतात. प्लंबरने सांडपाणी जाते त्या नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी आणि वर चिंध्या घट्ट कोंबल्या, फरशीवर बोटाच्या दोन पेरांएवढे पाणी साठवले, त्यात कपड्यांची निळ ओतली आणि पाण्याच्या काठाशी टाइलवर पेन्सिलने रेघ मारली. मुलींना त्या दिवसापुरते दुसरे बाथरूम वापरायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या बरेच खाली उतरले होते आणि खाली काकांच्या छताला, पाइपाच्या गळ्याशी, एक निळसर थेंब लोंबत होता. मग प्लंबर बेडरूममध्ये आला. त्याने पान्ह्याच्या मुठीने भिंतीवर टकटक करत वरपासून खालपर्यंत गिलावा वाजवून पाहिला. वरचा कोपरा पोकळ वाजत होता, कमरेच्या खाली आवाज भरीव होता. खिडकीबाहेर वाकून त्याने चौकटीखालची एक बारीक चीरही दाखवली. नाशिकचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे त्या बाजूच्या सगळ्याच खिडक्यांखाली अशा चिरा आहेत. “पाणी येतं वरून आणि बाहेरून,” तो हात पुसत म्हणाला. “बुरशी मात्र बंद खोलीनं वाढवली. कपाट हातभर पुढे असतं आणि खिडकी उघडी असती, तर एवढं झालं नसतं.”

एवढे नेमके उत्तर मला कोणत्याही कायद्यात सापडलेले नव्हते. म्हणजे काका काही अंशी खरे होते आणि तो मुलगा पुष्कळसा खरा होता. वरच्या बाथरूममधली गळती वरच्या मालकीणबाईंनी दुरुस्त करायची, बाहेरच्या भिंतीतून येणारे पावसाचे पाणी सोसायटीने अडवायचे, कारण उपविधींप्रमाणे ते सोसायटीचेच काम आहे, आणि राहिलेल्या बुरशीचा, खरवडून एक हात रंग मारण्याचा खर्च त्या मुलाकडे. तो दोन-अडीच हजारांच्या वर गेला नसता. मी काकांना हे तिथेच म्हटले. ते बराच वेळ त्या थेंबाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “पण त्यांनी मला नीट सांगायला हवं होतं ना.” फोटोची आठवण मी करून दिली. “फोटोवरून काय कळतं,” म्हणाले. पैसे परत करण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला, तेव्हा “बघतो” म्हणाले. त्या मुलानेही पुन्हा फोन केला नाही, त्याचे तिकडे नवे डिपॉझिट अडकलेले होते आणि बहुधा नव्या मालकाशी पहिल्याच महिन्यात वाईटपणा घ्यायचा नव्हता.

जुलैअखेर वरच्या मुलींचा करार संपला. प्लंबरने सांगितले होते की टाइलच्या सांध्यांतले व्हाइट सिमेंट संपले आहे, सांधे उघडून पुन्हा भरावे लागतील. इमारतीला वीस वर्षे होत आली, आणि तेवढ्या काळात ते सिमेंट झिजणारच. पण पुण्याच्या मालकीणबाई आल्या, त्यांनी बाथरूम पाहिले, फिनाइलच्या बाटलीशेजारी अॅसिडची अर्धी बाटली पाहिली आणि मुलींनी अॅसिड टाकून सांधे खाल्ले असा निष्कर्ष काढून ६ हजार कापले. मुलींपैकी एक जण रडवेली होऊन माझ्या दारात आली होती. अॅसिड त्यांनी वापरले होते, हे ती नाकारत नव्हती. “पण मावशी, बाटली तर आम्ही आलो तेव्हापासून तिथेच होती,” एवढेच ती म्हणत होती. मालकीणबाईंना मी फोन केला. त्यांचे म्हणणे अगदी सरळ होते: खालचे काका आता त्यांच्याकडे भरपाई मागणार, मग ती त्या स्वतःच्या खिशातून का देतील?

काकांनी मागितली नाही. त्यांना ती आधीच मिळालेली होती.

अशा रीतीने एका भिंतीसाठी दोन डिपॉझिटे कापली गेली, मिळून २४ हजार रुपये. काकांनी जूनमध्येच, थेंब पडत असताना, खालून पुट्टी भरून रंग मारून घेतला होता आणि नवे बिऱ्हाड आणले होते. वरच्या बाथरूमचे सांधे भरले गेले नाहीत. मालकीणबाईंनी ते घासून पांढरे करून घेतले आणि त्याच आठवड्यात फ्लॅट पुन्हा भाड्याने दिला. ऑगस्टमध्ये काकांच्या नव्या भाडेकरूने मला त्याच कोपऱ्याचा फोटो पाठवला. डाग एवढासा होता. मी तो काकांना पुढे पाठवला, मालकीणबाईंना पाठवला आणि सोसायटीच्या फाइलीसाठी तारीख घालून त्याची रंगीत प्रतही काढून ठेवली, कारण या सगळ्या प्रकरणात उपयोगी पडेल अशी गोष्ट मला तेवढीच दिसली. पैसे कोणाच्या हातात असावेत हे सोसायटी ठरवू शकत नाही. डाग कधीपासून आहे याची नोंद मात्र ती ठेवू शकते.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी एक साधा तक्ता मांडला. भाडेकरू राहायला येताना आणि घर सोडताना, दोन्ही वेळा, प्रत्येक खोलीच्या भिंती, छत, खिडक्या, बाथरूमचे सांधे आणि नळ यांची स्थिती मालक आणि भाडेकरू यांनी मिळून लिहावी, फोटो जोडावेत, दोघांनी सह्या कराव्यात आणि एक प्रत कार्यालयात द्यावी. बाहेरच्या भिंतीच्या चिरा भरण्याचे आणि रंगाचे कोटेशन त्याच सभेत फारशी चर्चा न होता मंजूर झाले. तक्त्यावर मात्र पाऊण तास गेला. एक सभासद म्हणाले, भाडेकरू सोसायटीचा सभासदच नाही, त्याच्यासाठी ठराव कशाला? दुसऱ्या बाई म्हणाल्या, येतानाच ओल लिहून दिली तर तो भाडे कमी करून मागेल. हे अगदी बरोबर होते, आणि तक्त्याच्या बाजूने याहून चांगला मुद्दा मलाही सुचला नव्हता, पण सभेत तो विरोधाचा म्हणून नोंदला गेला. काका पहिल्या रांगेत बसले होते आणि काही बोलले नाहीत. विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

सभा संपल्यावर मी सतरंजी गोळा करत होते, तेव्हा दोन मालक जवळ आले आणि त्या तक्त्याच्या कोऱ्या प्रती मिळतील का म्हणून विचारले. मला आनंद झाला. नवे भाडेकरू येणार आहेत का, असे मी विचारले. दोघांनीही माना हलवल्या. नवे नव्हे, जुने जाणार होते, आणि दोघांनाही फक्त घर सोडतानाचे पान हवे होते.